डॉक्टरांनी निवडलेली जिन

दातांच्या डॉक्टरांना वास येईनासा झाला होता, आणि बायको सोडून ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. हिवाळ्यात एक साधी सर्दी आली, ठाण मांडून बसली, आणि जाताना नाकातलं सगळं सामान उचलून घेऊन गेली. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी झालं, साबण म्हणजे नुसता फेस. दवाखान्यातला लवंगेच्या तेलाचा वास आयुष्यभर त्यांच्या शर्टातून जात नव्हता, तोही गेला. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, "येईल परत. कधी ते मात्र सांगता येत नाही." दातांचे डॉक्टर स्वतः पेशंटशी याच सुरात बोलत असल्यामुळे त्यांचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर त्याने चारचौघांत सांगून मन मोकळं केलं असतं. डॉक्टरांची पंचाईत अशी की ओळखीपाळखीत त्यांची सगळी पत नाकावरच उभी होती. बैठकीच्या खोलीत त्यांचं एक काचेचं कपाट होतं आणि त्यात जिनच्या बाटल्या होत्या. मोठ्या कंपनीची एकही नाही. एक समुद्राकाठच्या जोडप्याने शेवाळ घालून केलेली, एक सफरचंदाच्या बागवाल्याने मोहोर घालून केलेली, एक देवदाराच्या कोवळ्या शेंड्यांची. "ज्युनिपरची फळं सगळ्यांच्याच जिनमध्ये असतात," डॉक्टर पाहुण्यांना सांगत. "खरी गंमत बाकीच्या पाल्याफुलांत. बाटली कुठल्या मातीतून आली त्याचा पत्ता तिथे असतो."

त्यांचे नियमही होते. ग्लास आधी नाकाशी, बर्फ नंतर, टॉनिक त्याहून नंतर आणि तेही बेताचं. अर्धी जिन नाकानेच प्यायची असते, तोवर घोट घ्यायचा नाही. पाहुणे ग्लास धरून ताटकळत बसत, आणि परवानगी मिळेपर्यंत एखाद्याची तहानच मरून जाई. पण खोटं कशाला बोला, परवानगी मिळाली की मजा येई. डॉक्टर कुणाला संत्र्याची साल पिळून देत, कुणाला काकडीची पातळ चकती, कुणाला नुसतीच, आणि "जिनला औषधासारखा वास येतो बुवा" म्हणणारा माणूस पहिल्या घोटाला गप्प होई. त्या गप्प होण्यासाठी डॉक्टर जगत असत म्हटलं तरी चालेल. आता ते कधी एकटे असले की कपाट उघडून एखादं बूच काढत, बाटली नाकाशी धरत, आणि पुन्हा बूच लावून कपाट बंद करत.

अशात साडूचं पार्सल आलं.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पंपाच्या कारखान्यात इंजिनियर होता. एकदा जेवायला आला असताना घरी केलेल्या जिनची छोटी बाटली सोबत घेऊन आला होता. डॉक्टरांनी ती हुंगली, डोळे मिटले आणि म्हणाले, "साडूबुवा, पंप सोडा. तुमचा हात या कामाचा आहे." जेवणानंतरच्या खुशीत माणूस असं काहीबाही बोलतो. साडू मात्र इंजिनियर पडला, सांगितलेलं तंतोतंत करणारा. त्याने खरंच नोकरी सोडली, डोंगराच्या पायथ्याशी एक शेड घेतली आणि तांब्याचं मोठं पात्र बसवलं. नातेवाईक त्या शेडला हातभट्टी म्हणून हसत. डॉक्टर हसत नसत. त्यांना ते वाक्य आठवे.

पार्सलमध्ये तीन छोट्या बाटल्या होत्या. जखमेवर लावतात तसल्या चिकटपट्टीवर पेनाने एक, दोन, तीन लिहिलेलं. पाठोपाठ फोन आला.

"डॉक्टर, मिळाल्या का बाटल्या?"

"मिळाल्या."

"तिन्हींत फूल तेच आहे, डोंगरावरचं पांढरं. सोबतचं सामान वेगळं. काय घातलंय ते सांगत नाही, तुमचं नाक कोरं राहू दे."

"कोरंच आहे," डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यातलं हे त्यांचं सगळ्यात खरं वाक्य होतं.

"शनिवारी पात्र चढवायचंय. फुलं खुडून आणलीत, लगेच काळी पडतात. एकदाच जमणार, मग थेट पुढच्या मोसमात. तुम्ही म्हणाल तीच करतो." साडू जरा घुटमळला. "आणि डॉक्टर, एखादी ओळखीची वाटली तर तेवढं सांगा."

"ओळखीची म्हणजे?"

"वाटली तर तुम्हाला कळेलच."

फोन ठेवून डॉक्टर बायकोकडे वळले. ती जेवणाच्या टेबलावर कुठल्याशा जळक्या दुकानाचे फोटो पसरून बसली होती. विमा कंपन्यांसाठी ती नुकसानीची पाहणी करायची. आग लागली, पाणी शिरलं, माल सडला, की हिला बोलावणं. ती आत जाऊन नुसती उभी राहिली तरी तिला कळे की वायर जळली की कुणी रॉकेल ओतलं. हे नाक डॉक्टरांच्या नाकापेक्षा तसूभरही कमी नव्हतं, पण त्यात कौतुक नव्हतं. ते फक्त नुकसान मोजायचं.

"सांगून टाका ना त्याला," ती मान वर न करता म्हणाली. "वास येत नाही म्हणावं. त्यात लाज कसली?"

"माझ्या एका वाक्यावर नोकरी सोडून बसलाय तो. आता सांगू, की ते वाक्य बोलणारं नाकच बंद आहे?"

"मग?"

"मग तू हुंग. मी सांगतो."

"मला जिनमधलं काही कळत नाही."

"कळायची गरज नाही. तू नुसता वास सांग, पुढचं मी बघतो."

तिने फोटो गोळा केले. डॉक्टरांनी तीन ग्लास मांडले, खिडकी लावली, पंखा बंद केला. काम दुसऱ्याचं नाक करणार असलं तरी नियम म्हणजे नियम.

तिने पहिला ग्लास उचलला आणि एकदाच हुंगला. "पाणी शिरलेलं गोदाम. पोती ओली आहेत, पण कुजलेली नाहीत."

डॉक्टरांनी डोळे मिटले. "खाली ओलसर मातीची बैठक. भारदस्त."

"भारदस्त मी म्हणाले नाही. पोती म्हणाले."

"पुढे."

"दोन नंबर. बुटांचं नवीन दुकान. रबर आहे, खळ आहे, आणि कुणीतरी लिंबाची साल विसरून गेलंय."

"चामड्याची ऊब, वरून लिंबाचा तजेला."

"चामडं नाही हो, रबर."

"असू दे. रबर म्हणून कुणी जिन विकत घेईल का?"

तिने तिसरा ग्लास घेतला. हुंगला. पुन्हा हुंगला, या वेळी बराच वेळ, आणि मग डॉक्टरांनी आजवर न पाहिलेली गोष्ट घडली. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"ही राहू दे," ती म्हणाली.

"राहू दे म्हणजे?"

"राहू दे म्हटलं ना. ही कुणाच्याही हातात द्यायची नाही." तिने ग्लास खाली ठेवला आणि गॅलरीत निघून गेली.

डॉक्टर त्या ग्लासाकडे बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई कामावरून कधी रडत आली नव्हती. एकदा लाल मिरचीचं अख्खं गोदाम जळलं होतं. अग्निशामक दलाची माणसं बाहेर पळत होती तेव्हा ही आत वजनकाट्याचा फोटो काढत होती, कोरड्या डोळ्यांनी. जिच्या डोळ्यांत मिरचीने पाणी आणलं नाही, तिच्या डोळ्यांत हिने आणलं. म्हणजे ही माणसाच्या पोटात जाण्याच्या लायकीची नाही, असा हिशोब डॉक्टरांनी केला. हिशोबात चूक नव्हती. चूक एवढीच की मागोमाग गॅलरीत जाऊन "का रडतेस?" असं त्यांनी विचारलं नाही. वीस पावलांचंही अंतर नव्हतं. पण तेवढ्यात साडूचा फोन वाजला, आणि डॉक्टरांना गॅलरीपेक्षा फोन जवळ वाटला.

"दोन नंबर," डॉक्टर ठणकावून म्हणाले. "चामड्याची ऊब आहे, लिंबाचा तजेला आहे. एक नंबर भारदस्त, पण जरा ओलसर. दोनच."

"आणि तीन?"

"तीन ओतून दे."

"ओतून देऊ? काहीच नाही तिच्यात?"

"डोळ्यांत झोंबते. मी सांगतो ना."

"काही आठवलं नाही तुम्हाला?"

"आठवलं की, आमच्या कॉलेजचं ऑपरेशन थिएटर."

साडू "बरं" म्हणाला. त्या "बरं"मध्ये काही तुटल्यासारखं होतं, पण तेवढं ऐकू यायला कान नुसते असून भागत नाही, ते वापरावे लागतात. डॉक्टरांना सुटल्यासारखं वाटत होतं.

बायको गॅलरीतून आत आली. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"बरं झालं," ती म्हणाली. तिने तीन नंबरची बाटली घट्ट बूच लावून आपल्या पर्समध्ये ठेवली. डॉक्टरांना वाटलं, कचऱ्यात टाकायला नेली असेल.

शनिवारी पात्र चढलं. सगळी फुलं दोन नंबरमध्ये गेली. काही आठवड्यांनी साडूचा फोन आला की बाटल्या भरून तयार आहेत आणि लेबलवर त्याने मोठ्या अक्षरांत "डॉक्टरांची निवड" असं छापलंय.

"कशाला रे माझं नाव?"

"निवड तुमचीच ना. आणि रविवारी यायचं हं. हॉटेलवाल्या बाई येणार आहेत, त्यांची तीन हॉटेलं आहेत. त्यांनी ठेवली की झालंच माझं काम. त्या म्हणाल्यात, डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्याशिवाय घोट घेणार नाही."

रविवारी निघताना बायको म्हणाली, "अजून वेळ गेलेली नाही. सांगा त्याला."

"आता कसं सांगू? लेबल छापलंय."

"मग तिथे काय करणार?"

"आपला नियमच आहे की आधी घोट घ्यायचा नाही. नुसतं नाकाशी धरायचं आणि बोलायचं. बोलायला मला कधी अडलंय?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडीची किल्ली घेतली. खरं सांगायचं तर ती मनातून खुशीत होती. बहिणीला तीन नंबरबद्दल तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं. ग्लास हातात पडल्यावर धाकटीचा चेहरा कसा होतो ते तिला बघायचं होतं.

शेड झाडूनपुसून लख्ख केलेली होती. मधोमध तांब्याचं पात्र, त्याच्या लांब मानेवर रविवारचं ऊन. पुढे बाकं, बाकांसमोर लांब टेबल, आणि टेबलावर प्रत्येकासमोर दोन सारखे ग्लास. एकात जिन, दुसऱ्यात चूळ भरायला साधं पाणी. दोन्ही स्वच्छ, नितळ, रंगाने सारखी. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण डॉक्टरांना ते कुणी सांगितलं नाही.

हॉटेलवाल्या बाई पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसल्या होत्या. मेहुणी धावपळ करत होती. बायको तिच्या मदतीला आत गेली, आणि डॉक्टर एकटे सापडले.

"या डॉक्टर," साडूने त्यांना टेबलामागे उभं केलं. नोकरी सोडल्यापासून तो वाळला होता. नवा शर्ट त्याच्या खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. ते बघून डॉक्टरांच्या मनात आलं की इथेच, आत्ता सांगून टाकावं. त्यांनी तोंडही उघडलं. पण तोंड उघडल्यावर त्यातून सवयीचंच बाहेर आलं.

"मंडळी, घाई नको. अर्धी जिन नाकानेच प्यायची असते." त्यांनी समोरचा ग्लास उचलला, डोळे मिटले, नाकाशी धरला. शेड शांत झाली. "पहिल्यांदा येतो तो लिंबाचा तजेला. मग हळूच, पावलं न वाजवता, फूल येतं. आणि सगळ्यांच्या मागे चामड्याची ऊब. ही ऊब नवशिक्याला सापडत नाही, तिच्यासाठी थांबावं लागतं." त्यांनी पुन्हा हुंगलं. "वा. इतकी बोलकी जिन माझ्या तरी बघण्यात नाही."

हॉटेलवाल्या बाई उठल्या, टेबलापाशी आल्या, डॉक्टरांच्या हातातला ग्लास त्यांनी अलगद काढून घेतला आणि हुंगला. मग त्यातला एक मोठा घोट घेतला.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "हे पाणी आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांनी दुसऱ्या ग्लासाकडे पाहिलं, मग साडूकडे. साडू हसत नव्हता. त्याचा चेहरा असा झाला होता की डॉक्टरांना पाणीच प्यायची गरज पडली.

"मला वास येत नाही," ते म्हणाले. "हिवाळ्यापासून. एकाही बाटलीचा आला नाही. मी तुला फसवलं."

"मग दोन नंबर कुणी निवडली?"

"बायकोने हुंगल्या. मी आपली पदरची भर घातली."

एवढ्यात बायको आतून ट्रे घेऊन आली. येता येता तिने ट्रेवरच्या ग्लासात नाक घातलं असावं, कारण ती दारातच थबकली. "ही कुठली? ही तर दोन नंबर, बुटांची. तीन नंबर कुठाय?"

"तीन ओतून दिली," साडू म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत झोंबते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या पाहणीतून जळलेली गोदामं सुटत नसत, तिथे डॉक्टर कुठून सुटणार. "झोंबते असं मी म्हणाले होते?"

"तू रडलीस."

"रडले म्हणजे झोंबली?"

"मिरचीच्या गोदामात तू रडली नव्हतीस," डॉक्टर केविलवाण्या आवाजात म्हणाले. "मला वाटलं, ही त्याहून वाईट असणार. आणि तूच म्हणालीस, कुणाच्या हातात द्यायची नाही."

"ती छोटी बाटली आपल्याला ठेवायची होती म्हणून म्हणाले. पात्रात तीच चढणार असं धरून चालले होते मी." तिने ट्रे खाली ठेवला, पर्समधून ती छोटी बाटली काढली, बूच उघडलं आणि बहिणीच्या हातात दिली. "हुंग."

मेहुणीने हुंगलं. "ताई," ती म्हणाली, "बाबांची शेड."

त्या दोघींचे वडील सुतार होते. दिवसभर देवदाराचा भुसा अंगावर, चुलीशेजारी वाळत घातलेल्या संत्र्याच्या साली, आणि कुंपणावरचं पांढरं फूल रोज सकाळी शर्टाच्या खिशात. धाकटीचं लग्न ठरायच्या आधीच ते गेले, शेड विकली गेली, आणि तो वास जगातून गेला तो गेलाच. साडूने सासऱ्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्याने आपल्या बायकोला एकदा नुसतं विचारलं होतं की बाबांच्या अंगाला कसला वास यायचा, आणि ती जे बोलली ते लक्षात ठेवून पंपाच्या इंजिनियरने पातं न पातं जुळवत ती बाटली केली होती. जमलं की नाही हे त्याला स्वतःला कळण्यासारखं नव्हतं, आणि बायकोला तर अचानकच द्यायची होती. दोघी बहिणी सोडल्या तर सासऱ्यांच्या शेडमध्ये बसून गप्पा मारलेला, तो वास ओळखणारा एकच माणूस त्याच्या हाताशी होता, डॉक्टर.

"म्हणून तुम्हाला विचारलं होतं," साडू म्हणाला. "ओळखीची वाटते का, म्हणून. तुम्ही ऑपरेशन थिएटर म्हणालात. मला वाटलं, मला यातलं काहीच येत नाही."

डॉक्टरांना यावर बोलायला शब्द सापडला नाही. ही त्यांची सवय नसल्यामुळे सगळ्यांनाच ते जाणवलं.

हॉटेलवाल्या बाईंनी बाटली मागून घेतली, हुंगली आणि मेहुणीला परत दिली. "ही असती तर मी तिन्ही हॉटेलांत ठेवली असती," त्या म्हणाल्या. दोन नंबरचा त्यांनी एक घोट घेतला, सभ्यपणे गिळला आणि पर्स उचलली. "पुढच्या मोसमात फुलं आली की कळवा. निवड मात्र स्वतः करा."

त्या संध्याकाळी दोघी बहिणी पात्राशेजारी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तीन नंबर बुचाबुचाने संपवली. एरवी दारूला हात न लावणारी बायकोसुद्धा प्यायली. बाबांच्या गोष्टी सांगताना त्या मधेच हसत, मधेच डोळे पुसत. साडूही त्यांच्यात जाऊन बसला, आणि न पाहिलेल्या सासऱ्याबद्दल प्रश्न विचारत राहिला. डॉक्टरांना मेहुणीने बोलावलं, "या ना भाऊजी, तुम्हीही घ्या." त्यांनी नको म्हटलं. उगाच कशाला एक बूच वाया घालवायचं. ते टेबलावरचे ग्लास धूत उभे राहिले, आणि सासऱ्यांच्या शेडचा वास कसा होता ते आठवायचा प्रयत्न करत राहिले. शेड आठवली, रंधा आठवला, सासऱ्यांचं हसू आठवलं. वास आठवला नाही.

साडू पंपाच्या कारखान्यात परत लागला, मोसम येईपर्यंत म्हणून. तो डॉक्टरांना एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. उलट दर रविवारी तो मेहुणीला घेऊन येऊ लागला, आणि येताना दोन नंबरची बाटली घेऊन. शेडमध्ये तिची खोकी छतापर्यंत रचलेली होती. एवढी फुलं फुकट गेली हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. म्हणून तो काही ना काही करून बघे. कधी तिच्यात वेलची भिजत घाली, कधी पुदिना, कधी संत्र्याची साल जरा भाजून. मग सगळ्यांना थोडी थोडी ओते. मेहुणी एक घोट घेऊन खिडकीबाहेर बघे. बायको ग्लासाला हातही लावत नसे. डॉक्टर तेवढे पूर्ण ग्लास पीत.

"कशी आहे?" साडू विचारी.

"मला कुठे काय कळतंय," डॉक्टर म्हणत. "पण घशातून छान उतरते." आणि ते खरंच असे. जगात ती जिन कुरकुर न करता पिऊ शकणारे ते एकटेच होते, आणि त्यांना ती पिताना बघून साडूच्या चेहऱ्यावर जरा तरतरी येई. डॉक्टरांना वाटे, फेडीची ही रीत काही वाईट नाही.

असेच एका रविवारी ते ग्लास घेऊन बसले होते. साडूने त्या दिवशी गवती चहा घातला होता आणि तो फार आशेने बघत होता. डॉक्टरांनी सवयीने ग्लास नाकाशी धरला, आणि त्यांच्या डोक्यात कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. आधी नुसती चाहूल लागली. मग टेबलाच्या पॉलिशचा वास आला, मेहुणीच्या केसांच्या तेलाचा आला, स्वतःच्या बाहीतून लवंगेचा आला. डॉक्टरांना ओरडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणाला ग्लासातलं जे होतं ते सगळं एकदम वर आलं.

इतकी वाईट जिन त्यांनी आयुष्यात हुंगली नव्हती. सायकलच्या पंक्चरवर लावायचा चिकट पदार्थ, त्यात शिळं लिंबू, आणि आता वरून गवती चहा, म्हणजे कुणीतरी ते सगळं उकळायला ठेवावं तसा. हे आपण निवडलं. एक डोंगरभर फुलं यात घातली. सासऱ्यांची शेड ओतून देऊन याच्यावर आपलं नाव छापून घेतलं. लोकांनी सांगितल्यामुळे त्यांना ते माहीत होतं, पण कळलं ते आत्ता.

"कशी आहे?" साडूने विचारलं.

वास आला असं सांगितलं असतं तर याचंही खरं उत्तर द्यावं लागलं असतं. डॉक्टरांनी मोठा घोट घेतला. तो खाली जाईपर्यंत त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली.

"छान उतरते," ते म्हणाले.

"आणि नाकाचं काही?"

"अजून नाही रे."

बायको समोर बसली होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कड धरलेल्या हाताकडे पाहिलं, मग पुन्हा चेहऱ्याकडे. तिची पाहणी झाली. तिने शांतपणे बाटली उचलली आणि त्यांचा ग्लास काठोकाठ भरला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्याइतकी कुणालाच आवडत नाही."